कणकेचं आळं

“मिस्त्री, एकच भोक पाडायचंय. ड्रिल घरात हाय. तुम्ही नुसतं या.”

असा फोन आला की मी बॅग जरा जड भरतो. एका भोकाचं काम एका भोकात संपलेलं मी बावीस वर्षांच्या प्लंबिंगमध्ये फारसं बघितलेलं नाही.

घर कोल्हापुरात राजारामपुरीतलं, घटस्थापनेला दोन दिवस उरलेले. काकू निवृत्त शिक्षिका. स्वयंपाकघर नुकतंच नवं केलेलं, काळ्या ग्रॅनाइटचा ओटा, त्यात खालून बसवलेलं सिंक. नवा मिक्सर नळ खोक्यात पडलेला आणि त्याला ओट्यात भोकच नाही. फरशीवाला विसरला, आता फोन उचलत नव्हता.

काकूंच्या मुलानं आदल्या रात्री हात चालवून बघितला होता. ऑनलाइन मागवलेला अकरा नगांचा होल सॉ सेट, म्हणजे गोल भोक कापायची दातेरी नळकांडी, समोर ठेवला. त्यातला ३५ मिलिमीटरचा उचलला तर दात गेलेले, कड निळी पडलेली, मधल्या पायलट ड्रिलचं टोक बोथट. ओट्यावर एक चकचकीत गोल उमटला होता आणि त्याच्या मध्यात मुगाएवढा खड्डा.

“दादा, हे लाकडाचं आहे,” मी म्हटलं. “प्लायवूड, जिप्सम कापायला ठीक. लोखंड कापायचं तर बायमेटल घ्यावं लागतं, त्याच्या दातांना हायस्पीड स्टील असतं. दगडाला यातलं काहीच चालत नाही.”

“खोक्यावर ‘ऑल पर्पज’ लिहिलंय की.”

खोक्यावर काय, काहीही लिहितात.

दगडाला लागतो डायमंडचा कप. त्याला दात नसतात, कडेला हिऱ्याची बारीक कच बसवलेली असते. तो दगड कापत नाही, घासत घासत खाली जातो. त्यामुळे ड्रिलचा ठोके मारणारा हॅमर बंद, फेरे कमी आणि पाणी सतत. पाणी तुटलं की कच तापते आणि पाच मिनिटांत कप भंगारात जातो. बहुतेक कपांना मध्ये पायलटही नसतो, सरळ टेकवला की ओटाभर नाचतो. म्हणून आधी तिरका धरायचा, चंद्रकोरीएवढी खाच पडली की हळूहळू उभा करायचा. इथं मुलानं उमटवलेला गोल आयताच सापडला. जागा मी निवडली असती तर सिंकपासून आणखी थोडी मागे घेतली असती, पण ओरखडा भोकातच गिळायचा म्हणजे त्याच गोलावर जाणं भाग होतं.

पाणी अडवायला मी प्लंबरची पुट्टी वापरतो. ती संपलेली. भाचा बरोबर होता, त्याला खाली दुकानात पिटाळणार तेवढ्यात काकू म्हणाल्या, “थांबा,” आणि परातीतला कणकेचा गोळा घेऊन आल्या. भातात आमटीला करतो तसं आळं गोलाभोवती थापलं, वर वाटीभर पाणी ओतलं. एक थेंब बाहेर आला नाही. पुट्टीपेक्षा भारी काम.

ड्रिल सुरू केलं. पांढुरका चिखल आळ्यात फिरू लागला. दर अर्ध्या मिनिटाला कप वर घ्यायचा, पाणी आत जाऊ द्यायचं, परत टेकवायचा. जोर लावायचा नाही, ड्रिलचं वजन पुरतं. सातआठ मिनिटांत ग्रॅनाइट संपल्याचं हाताला कळलं आणि मी दाब सोडला. आता चकती खाली पडल्याचा आवाज यायला हवा होता.

आवाज आला नाही. कप वाळूत गेल्यासारखा करकरला, मग पुढं कशात तरी मऊ उतरत गेला. चिखल काळपट झाला.

“मामा, कप बुडाला की,” भाचा म्हणाला.

खरंच, कपाची सगळी खोली संपली होती. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला आणि मी खाली वाकून कपाटात टॉर्च मारला. ग्रॅनाइटखाली अखंड कडप्पा. आपल्याकडं ओटा असाच करतात, खाली कडप्पा, मध्ये सिमेंट-वाळूचा माल, वर ग्रॅनाइट. मला हे माहीत नव्हतं असं नाही. पण पुढच्या कडेला ग्रॅनाइटची पट्टी चिकटवलेली असल्यानं थर दिसत नव्हते, आणि खाली वाकून बघायचे दोन मिनिटांचे कष्ट मी घेतले नव्हते. कणकेच्या कौतुकात राहिलो.

आतला गाभा छिन्नीनं तोडला, कप परत घातला आणि भोक आरपार केलं. पट्टी लावून मोजलं. ग्रॅनाइट १८, माल १०, कडप्पा २५. एकूण ५३ मिलिमीटर. नळाच्या आट्यांचा भाग ४२. म्हणजे नळ वरून घातला तर त्याचं टोक दगडातच राहणार आणि खालून नट लावायला आटाच दिसणार नाही.

काकूंनी चहा ठेवला होता. तो पिताना मी काही बोललो नाही आणि त्यांनी विचारलं नाही, पण मुलाच्या चेहऱ्यावर जरा समाधान होतं.

उपाय एकच होता. खालून कडप्प्यात मोठं भोक पाडायचं, म्हणजे नट आत शिरून थेट ग्रॅनाइटला टेकेल. पण एकदा भोक पाडलं की मोठ्या कपाला टेकायला मध्य उरत नाही. लाकडात असं झालं तर लाकडाची गुट्टी ठोकून नवा मध्य करता येतो, किंवा जोडणीचा आर्बर, म्हणजे दोन होल सॉ एकदम धरणारा दांडा, असेल तर लहान होल सॉ मोठ्याच्या आत लावून लहान्याला वाट दाखवायला लावता येतं. दगडात, डोक्यावर हात करून, कपाटात आडवं पडून, यातलं काही जमणारं नव्हतं. शिवाय सिंकचं भांडं मध्यापासून ५५ मिलिमीटरवर, त्यामुळे फार मोठा कपही नको. ६५ पुरे.

भाचा लक्ष्मीपुरीतून ६५ चा डायमंड कप घेऊन आला. तोवर मी मुलाच्या त्याच सेटकडं वळलो, कारण त्यात ६७ चा होल सॉ कोरा पडला होता. सुताराचा उरलेला १२ मिलिमीटरचा प्लायचा तुकडा घेतला. पायलटचं टोक पलीकडं निघेपर्यंत एका बाजूनं कापलं, मग तुकडा उलटून दुसऱ्या बाजूनं, म्हणजे कड फाटत नाही. झाला साचा. वरून भोकात पाईपचा तुकडा सोडून साचा त्याच्याभोवती सारख्या अंतरावर आणला आणि कपाटाच्या तळापासून दोन पट्ट्या अडकवून वर घट्ट दाबला. आता कप नाचायचा म्हटला तरी नाचणार कुठं?

“मग माझा सेट वाया नाही गेला,” मुलगा म्हणाला.

“नाही,” मी म्हटलं. खोटं बोलण्यासारखं काही नव्हतं.

डोक्यावर पाणी आणि हातात वायरचं ड्रिल, हे मी करत नाही. बॅटरीचं घेतलं. पाणी ओतायचं नाही, भाचा वरच्या भोकातून ओला स्पंज पिळत राहिला. किती आत जायचं त्याची खूण कपावर काळ्या टेपनं केली. साच्याचे १२ धरून ४५ मिलिमीटरला, म्हणजे कडप्पा संपून मालात थांबायचं. टेपच्या पुढं गेलो असतो तर ग्रॅनाइटला खालून खाच पडली असती आणि वर नळाशेजारी तडा. काकूंच्या नव्या ओट्यावर तडा म्हणजे मी गाव सोडलेलं बरं.

पाऊण तास लागला. गॉगलवर काळा चिखल, बाहीतून पाणी कोपरापर्यंत, मान आखडलेली. टेप साच्याला टेकली तसा थांबलो. साचा काढून पडलेल्या खाचेत स्क्रू ड्रायव्हर घालून हलकेच तिरका केला, तशी कडप्प्याची कडी मालासकट तीन तुकड्यांत हातात आली. उरलेला माल छिन्नीनं खरवडला. बोट फिरवून बघितलं, वर ग्रॅनाइटचा सपाट तळ लागला.

नळ बसला. वॉशर, नट, होजपाईप, सगळं अर्ध्या तासात. काकूंनी पैसे विचारले तेव्हा मी दुसऱ्या भोकाची मजुरी धरली नाही, नुसता कपाचा खर्च घेतला. त्यांनी ओट्यावरचं आळं उचललं, त्याच्या काठावरचा दगडाचा चिखल बघितला आणि म्हणाल्या, “हे आता गाईलासुद्धा नको.”

त्यानंतर माझ्या बॅगेत सायकलचा एक स्पोक आला, टोकाशी काटकोनात वाकवलेला. ओट्यात मोठं भोक पाडण्याआधी त्याच्या मध्यावर ६ मिलिमीटरचं बारीक भोक आरपार घेतो, स्पोक आत सोडतो, वाकडं टोक खालच्या कडेला अडकवतो आणि वर अंगठ्यानं खूण धरून बाहेर काढतो. भाचा दरवेळी शेजारी नळ हातात घेऊन उभा असतो, आट्यांवर पट्टी लावून.