अकरावीतली हॉस्पिटल इंटर्नशिप : ओटीच्या दाराअलीकडे

अकरावीत हॉस्पिटलमध्ये इंटर्नशिप करायचं ठरवलं तेव्हा माझ्या डोक्यात एकच चित्र होतं. हिरवा गाऊन, तोंडाला मास्क आणि सर्जनच्या खांद्यावरून डोकावणारी मी. तसं काही झालं नाही आणि होणारही नव्हतं. अठरा वर्षांखालच्या मुलांना अनेक हॉस्पिटलं ओटी (ऑपरेशन थिएटर), आयसीयू, आयसोलेशन, एक्स-रे या विभागांत पाऊलही ठेवू देत नाहीत. त्या बंद दारांच्या अलीकडे काय काय चालतं हे मात्र मला भरपूर बघायला मिळालं, आणि माझं पुढचं शिक्षण त्यावरच ठरलं.

सुरुवात अर्जापासून करते, कारण बहुतेकांची गाडी तिथेच अडते. ओळखीच्या-अनोळखी डॉक्टरांना थेट लिहिलेल्या पत्रांना सहसा उत्तर येत नाही. त्यात त्यांचा दोष नाही, शाळकरी मुलांना आत घेणं हे त्यांच्या हातात नसतंच. हे काम कुठे स्वयंसेवक विभागाकडे असतं, कुठे एचआरकडे, कुठे नर्सिंग ऑफिसकडे. रिसेप्शनला फोन करून ‘शाळेतल्या मुलांचा कार्यक्रम कोण बघतं?’ एवढंच विचारावं आणि त्या माणसाच्या नावे पत्र धाडावं. ‘मला लहानपणापासून लोकांची सेवा करायची आहे’ हे वाक्य सगळेच लिहितात, म्हणून मी ते टाळलं. कोणत्या वारी किती वाजेपर्यंत मोकळी आहे, प्रथमोपचाराचा कोर्स कुठपर्यंत झालाय, आणि आजारी आजीजवळ बसायची सवय असल्यामुळे म्हाताऱ्या माणसांशी बोलताना अवघडत नाही, हे लिहिलं. पुढे कोऑर्डिनेटर मॅडमनी सांगितलं की त्या आधी वेळेची ओळच वाचतात. सोमवारी येतो म्हणून गुरुवारी उगवणारा मुलगा त्यांना नको असतो.

मुलाखतीत अभ्यासाचं फारसं विचारलं नाही. ‘रक्त बघून चक्कर आली तर काय करशील?’ असं विचारलं. ‘मला नाही येणार’ हे त्याचं उत्तर नव्हे, कारण ती कोणालाही येऊ शकते. अचानक नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो, मेंदूला होणारा रक्तपुरवठा क्षणभर कमी पडतो आणि माणूस कोसळतो. त्याचा धीटपणाशी काही संबंध नाही. उपाशीपोटी यायचं नाही, गुडघे ताठ करून एका जागी उभं राहायचं नाही, आणि घाम फुटला, कानात गूं झालं की लाज न बाळगता खाली बसायचं. उभ्याने कोसळून डोकं फुटलं तर सिस्टरांना एक पेशंट जास्त.

मग कागदपत्रं. इथे घाई करून चालत नाही, कारण काही गोष्टींना त्यांचा त्यांचा वेळ लागतो. हिपॅटायटिस बीचे तीन डोस साधारण सहा महिन्यांत पूर्ण होतात. लहानपणी घेतलेले असले तरी त्याचा लेखी पुरावा लागतो. तो सापडला नाही तर काही ठिकाणी रक्तातल्या अँटिबॉडी तपासून घेतात. गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्या यांच्या नोंदीही मागतात. टीबीची त्वचेवरची चाचणी आज टोचली की ४८ ते ७२ तासांनी हात दाखवायला परत जावं लागतं. गुरुवारी टोचून घेतलं आणि शनिवार-रविवार दवाखाना बंद, की सगळं पुन्हा पहिल्यापासून. म्हणून वार बघूनच टोचून घ्या. पालकांचं संमतीपत्र, शाळेचं पत्र, आणि सगळ्यांत शेवटी गोपनीयतेचा करार.

त्या करारावर माझी सही होती आणि आईचीही. फोटो नाही, स्टेटस नाही, ‘आज एक केस आली होती’ नाही, हे मला अपेक्षितच होतं. ओळखीचं माणूस वॉर्डात दिसलं तर ते घरीसुद्धा सांगायचं नाही, हे मात्र नवीन होतं. आईने ते वाचलं आणि त्यानंतर मला एकदाही विचारलं नाही, याचं मला अजून कौतुक वाटतं. पुढे जे लिहितेय त्यातही कोणी ओळखू येणार नाही इतपतच तपशील ठेवलेत.

पहिले काही तास हात धुण्यात गेले. अतिशयोक्ती नाही, खरोखर गेले. साबणाने ४० ते ६० सेकंद, हँडरबने (हातांवर चोळायच्या सॅनिटायझरने) २० ते ३० सेकंद, हा जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब. शिकवणाऱ्या सिस्टरांनी आम्हा सगळ्यांना एक चमकणारं जेल चोळायला लावलं, हात धुवून यायला सांगितलं आणि जांभळ्या दिव्याखाली एकेकाचे हात धरले. तळवे स्वच्छ, पण बहुतेकांचे अंगठे आणि बोटांची टोकं चकाकत होती. म्हणजे पेशंटला पहिल्यांदा जिथे स्पर्श होतो नेमकी तीच जागा. मग त्यांनी सेमेलवाइसची गोष्ट सांगितली. १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात या डॉक्टरने क्लोरीनच्या पाण्याने हात धुणं सक्तीचं केलं आणि बाळंतिणींच्या मृत्यूचं प्रमाण १८ टक्क्यांच्या आसपासवरून काही आठवड्यांत २ टक्क्यांच्या आसपास उतरलं. तरी त्याच्या वेळच्या पुष्कळ डॉक्टरांनी ते मानलं नाही. आपलेच हात रोग पसरवतात हे ऐकून घ्यायला जड गेलं असणार.

वॉर्डातली आमची कामं साधी होती. चादरी पोचवायच्या, चाकाची खुर्ची ढकलायची (बसवताना आणि उतरवताना ब्रेक लावलाय ना हे आधी बघायचं), केसपेपर या टेबलावरून त्या टेबलावर न्यायचे, नातेवाइकांना वाट दाखवायची. काही मुलांना हे कमीपणाचं वाटलं. मला इनचार्ज सिस्टरांची एक सूचना पहिल्या दिवसापासून पटली होती : कोणी काहीही मागितलं तरी विचारल्याशिवाय द्यायचं नाही. पाणीसुद्धा नाही.

ती सूचना का होती हे लवकरच दिसलं. एका आजोबांचं सकाळचं ऑपरेशन लांबून दुपारवर गेलं होतं. पलंगावर ‘तोंडाने काही नाही’ची पाटी. ते मला म्हणाले, ‘बाळा, घोटभर पाणी दे गं, घसा कोरडा पडलाय.’ पाण्याचा जग माझ्या हाताशी होता. मी जाऊन सिस्टरांना सांगितलं. त्यांनी आधी ओल्या गॉजने आजोबांचे ओठ पुसले आणि मग भुलीच्या डॉक्टरांना फोन लावला. भूल दिल्यावर घशाची नेहमीची राखण ढिली पडते. पोटातलं वर आलं तर ते थेट फुप्फुसात उतरू शकतं, म्हणून उपाशी ठेवतात. पण हलक्या जेवणाला साधारण सहा तास पुरतात आणि नुसत्या पाण्याला दोन. ऑपरेशन इतकं पुढे गेलंय म्हटल्यावर घोट-घोट पाणी चालेल असं डॉक्टरांनी फोनवरून सांगितलं, सिस्टरांनी ते वेळेसकट लिहून ठेवलं आणि मगच पेला माझ्या हातात दिला. आजोबांनी पाणी पिऊन मला आशीर्वाद दिला. त्यावर खरा हक्क सिस्टरांचा होता.

माझा खरा रस मात्र तळमजल्यावर जागा झाला. कोऑर्डिनेटर मॅडमनी विचारलं होतं, आणखी कुठे जायचंय? सगळ्यांनी कॅज्युअल्टी, म्हणजे तातडीच्या पेशंटचा विभाग, सांगितली, तिथे मोठी रांग. मी रांगेला कंटाळून लॅब आणि सीएसएसडी सांगितलं. सीएसएसडी म्हणजे जिथे ऑपरेशनची हत्यारं धुऊन निर्जंतुक करतात तो विभाग. तिथे कोणी जातच नाही, त्यामुळे तिथल्या लोकांना शिकवायला वेळ असतो आणि हौसही असते. दुसऱ्या कोणाला माझा एकच सल्ला उपयोगी पडणार असेल तर तो हा : कोणी मागत नाही ते खातं मागून घ्या.

लॅबमध्ये रक्ताच्या नळ्यांच्या झाकणांचे रंग मला नुसती सजावट वाटायची. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू न देणारं ईडीटीए असतं, ती पेशी मोजण्यासाठी. करड्या झाकणाच्या नळीत फ्लोराइड असतं, म्हणजे नळीतल्या पेशींनी साखर खाऊन टाकू नये आणि रिपोर्टात ती कमी दिसू नये. निळ्या नळीत सायट्रेट असतं, तेही रक्त गोठू न देणारं, आणि एका भागाला नऊ भाग रक्त हे प्रमाण जमावंच लागतं. खुणेपर्यंत भरली नसेल तर ती परत जाते. वॉर्डात लोक ‘लॅबवाले उगाच सॅम्पल परत पाठवतात’ म्हणून करवादतात. दोन्हीकडे काम केल्यामुळे मला दोन्हीकडची चिडचिड कळते.

एका सकाळी एका सॅम्पलचा पोटॅशियम ६ च्या वर आला. मोठ्या माणसात तो साधारण ३.५ ते ५ असतो. खूप वाढला तर हृदयाची लय बिघडू शकते, म्हणून असा आकडा आला की लॅब लगेच वॉर्डला फोन करते. टेक्निशियन दादांनी फोन करायच्या आधी नळी उचलून उजेडासमोर धरली. सेंट्रिफ्यूजमधून, म्हणजे नळ्या गरागरा फिरवून रक्ताचे थर वेगळे करणाऱ्या यंत्रातून, काढल्यावर वरचा भाग फिकट पिवळा दिसायला हवा होता, तो चक्क गुलाबी होता. ‘बघ, पेशी फुटल्यात,’ ते म्हणाले. लाल पेशींच्या आत बाहेरच्यापेक्षा कितीतरी पट पोटॅशियम असतं. सिरिंज जोरात ओढली किंवा नळी खळखळून हलवली की पेशी फुटतात आणि आतलं पोटॅशियम बाहेर येतं. आकडा त्या नळीपुरता खरा, पेशंटपुरता नव्हे. तो उतरवायला औषध दिलं असतं तर चांगल्या असलेल्या पोटॅशियमचा तोल गेला असता. दादांनी वॉर्डला नवीन सॅम्पल पाठवायला सांगितलं, ते आलं आणि नॉर्मल निघालं. पेशंटला किंवा त्याच्या डॉक्टरांना हे दादा कोण, हे कधी कळलंही नसेल.

सीएसएसडीत मला ऑटोक्लेव्हसमोर, म्हणजे दाबाखालच्या वाफेने हत्यारं निर्जंतुक करणाऱ्या मशीनसमोर, उभं केलं. सगळी वाट एकाच दिशेने : मळकी हत्यारं एका दाराने आत, निर्जंतुक गठ्ठे दुसऱ्या दाराने बाहेर, उलटं कोणीही जायचं नाही. गठ्ठ्यावरच्या टेपवर गरम वाफेने काळे पट्टे उमटतात. मला वाटलं, पट्टे आले म्हणजे झालं. तिथल्या ताई हसल्या. पट्टे एवढंच सांगतात की गठ्ठा मशीनमध्ये जाऊन आला. आत जंतू मेले का, हे बघायला उष्णतेला दाद न देणाऱ्या एका जिवाणूचे बीजाणू छोट्या कुपीत घालून हत्यारांबरोबर ठेवतात आणि नंतर वाढवून बघतात. ते मेले असतील तर बाकीचेही मेले असं धरायचं. पोलिसाने मुद्दाम अट्टल चोर पाठवून कुलूप तपासावं तसला प्रकार. मी तिथे कात्र्यांचे सांधे उघडून भिंगाखाली बघायला शिकले. सांध्यात घाण अडकलेली असेल तर वाफ तिथे पोचत नाही.

सगळंच असं भारी नव्हतं. एका खात्यात आम्हाला फक्त झेरॉक्स काढायला बसवलं, शिकवण्याचं नावही नाही. असं होतं तेव्हा कोऑर्डिनेटरला नम्रपणे सांगावं, मी सांगितलं आणि पुढच्या आठवड्यात बदल मिळाला. वॉर्डात माझ्या पाळीत एक मृत्यूही झाला. सिस्टरांनी मला लगेच पॅन्ट्रीत पाठवलं, नंतर स्वतः येऊन बसल्या आणि झोप लागली नाही तर घरी कोणाशी बोलायचं हे विचारून घेतलं. घरी पेशंटबद्दल बोलायचं नसलं तरी स्वतःला काय वाटलं ते बोलता येतं, हा फरक त्यांनीच समजावला.

आणखी एक सांगायचं राहिलं. शाळकरी मुलांना ‘प्रत्यक्ष सर्जरीत मदत करा’ असं आमिष दाखवून पैसे घेणारे कार्यक्रम माझ्या पाहण्यात आलेत. माझ्या मते त्यांच्या वाटेला जाऊ नये. जिथे अकरावीतल्या मुलीला टाके घालायला देतात तिथे पेशंटला कोणी विचारलंय का, हा प्रश्न आधी पडायला हवा. सुई टोचणं, औषध देणं, ड्रेसिंग करणं हे आपलं काम नाही, कोणी आग्रह केला तरी नाही.

शेवटच्या आठवड्यात कागदाचं काम उरकून घ्या. स्टाफची बदली होते, सिस्टर दुसऱ्या पाळीत जातात आणि मग सहीसाठी कोण कुठे भेटेल याचा नेम नसतो. प्रमाणपत्रावर नुसतं ‘समाधानकारक’ नको. कोणकोणती खाती, कोणती कामं, किती तास, हे लिहून मागा. रोज घरी आल्यावर चार ओळींची वही ठेवा, पेशंटची नावं न लिहिता. प्रवेशाच्या मुलाखतीत मला प्रमाणपत्राबद्दल कोणी काही विचारलं नाही. ‘तिथे काय पाहिलंस?’ असं विचारलं, आणि मी गुलाबी सॅम्पलबद्दल बोलत सुटले. आता मेडिकल लॅब टेक्नॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॅज्युअल्टीच्या रांगेत टिकून राहिलेली माझी मैत्रीण नर्सिंगला गेली आणि माझं सॅम्पल परत पाठवू नकोस म्हणून आत्तापासूनच दम देते.