वाशीच्या धारण तलावाकाठी, उधाणाच्या दुपारी

अमावस्येच्या उधाणाला इथली भरती साधारण दुपारी बाराच्या पुढेमागे येते. ती वेळ साधायची म्हणून ठाण्याहून वाशीची लोकल पकडली आणि रिक्षाने सागर विहार गाठलं. पावसाची झड लागलेली, खाडी तुडुंब. बांधाच्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला धारण तलाव.

नवी मुंबईचा बराचसा भाग उधाणाच्या पातळीखाली आहे. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने शहर वसवताना डच धर्तीवर हे तलाव आखले. गटारं-नाल्यांचं पाणी तलावात उतरतं. भरती चढली की खाडीच्या दाबानेच मुखावरच्या झडपा मिटतात, पाऊस आत साठतो. ओहोटीला आतलं पाणी वरचढ होतं आणि झडपा उघडतात. या उघडमिटीला वीज लागत नाही.

बांधावर गळ टाकून एक आगरी काका बसले होते. त्यांच्या घरची खारजमीन होती. भातशेतीच्या बांधाला उघाडी (झडपेचं दार) असायची, तिचं कामही हेच. "उघाडीत फांदी जरी अडकली तरी खारं पाणी शेतात घुसायचं. म्हणून बाप रात्री कंदील घेऊन जायचा बघायला," ते म्हणाले.

मी तलावाच्या मुखाकडे बघत राहिले. थर्माकोलचे तुकडे, नारळ, वेफर्सची पाकिटं, सगळं तिथेच गोळा झालेलं. यातलं काही झडपेत अडकलं तर भरती थेट शहरात.

त्याहून अवघड प्रश्न गाळाचा. गाळ साचला की तलावाची खोली जाते, गाळावर कांदळवन रुजतं. उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानुसार, काम जनहिताचं आहे हे न्यायालयाला पटल्याशिवाय त्याला हात लावता येत नाही. हे संरक्षण मला हवंच आहे. खाडीकाठच्या त्याच झाडांनी लाटांचा मार अडवला आहे. पण तलाव उथळ झाला तर कितीही नालेसफाई करा, सेक्टरातलं पाणी जाणार कुठे?

राज्याच्या 'माझी वसुंधरा' अभियानात २०२० पासून महापालिका, नगरपरिषदांना पर्यावरणाच्या कामाचे गुण मिळतात. त्यात धारण तलावांच्या खोलीलाही मान मिळावा असं मला मनापासून वाटतं. दर मे महिन्यात खोली मोजावी, किती पाणी मावेल ते तलावाकाठच्याच फलकावर लिहावं आणि शेजारी उधाणाच्या तारखा द्याव्यात. तळमजल्यावर राहणाऱ्यांना सामान कधी वर उचलायचं, हे तरी आधी कळेल.