दोन वर्षांच्या लेकीला घेऊन नाशिकला: कुटुंबांच्या अभ्यासात भाग घ्यायचा असेल तर

लहान मुलं असलेल्या घरांचा दिवस कसा जातो, मुलाला कोण सांभाळतं, यावरच्या एका अभ्यासासाठी आम्ही सिन्नरहून नाशिकला जाऊन आलो. बरोबर लेक आणि सासूबाई. अंगणवाडीताईंनी आणखीही काही घरांना विचारलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

वेळ सकाळचीच मागून घ्या. झोपेची वेळ झाली की मूल किरकिरतं, मग ना खेळतं ना कुणाला हात लावू देतं. एसटीत पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही आणि २०२३ पासून बायकांना अर्धं आहे. तरी तिकीट टाकून देऊ नका, प्रवासखर्च देताना मागतात. नाशिकच्या द्वारका चौकात गाडी अडकते, त्यात सिंहस्थाची कामं, म्हणून अर्धा-पाऊण तास हाताशी ठेवूनच निघा. आम्ही सीबीएसला, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाला, उतरून गंगापूर रोडला रिक्षाने गेलो. भाडं बसायच्या आधी ठरवा.

गेल्या गेल्या माहितीपत्रक आणि संमतीपत्र हातात देतात. घाई करू नका. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे मधेच थांबायचा हक्क आपल्याला असतो, आणि थांबलो म्हणून आपले नेहमीचे उपचार किंवा सोयी बंद करता येत नाहीत. अभ्यासात भाग घेणाऱ्यांचे हक्क जपले जातात ना हे बघणाऱ्या नीतिमत्ता समितीचा संपर्क कागदावर आहे ना, ते बघा. आई-मुलाच्या खेळाचं चित्रीकरण होणार असेल, तर ते कोण बघणार आणि किती दिवस ठेवणार हे तोंडी विचारा. मी विचारलं, त्यांनी नीट बसून सांगितलं. सही केलेल्या कागदाची प्रत घरी आणा.

मोजमापासाठी जन्मदाखला आणि माता-बाल संरक्षण कार्ड न्या, वय दिवसांपर्यंत नेमकं लागतं. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी झोपवून मोजतात, पुढे उंची उभं करून. झोपवून मोजलं तर साधारण ०.७ सेंमी जास्त भरतं, त्यामुळे पद्धत बदलली की आकडा बदलतो. डोक्यावर उंच शेंडी बांधू नका, जाड पैंजण घरीच ठेवा. आमची लेक पट्टीजवळ जाईना. तिथल्या ताईंनी आधी तिच्या बाहुलीला उभं करून मोजलं, मग ही आपणहून उभी राहिली.

खरा वेळ गेला तो दिवसाच्या नोंदीत. काल पहाटे चारपासून आज पहाटे चारपर्यंत, अर्ध्या-अर्ध्या तासाचे खण. सरकारच्या २०१९ आणि २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणातही असेच खण होते, पण ते सहा वर्षं आणि त्यावरच्या माणसांना विचारलं जातं. म्हणजे तान्ह्या मुलाचा दिवस त्याला सांभाळणाऱ्याच्या नोंदीतूनच काय तो कळणार. मी सांगत होते: उठले, पाणी भरलं, पोळ्या केल्या. ताईंनी विचारलं, "तेव्हा बाळ कुणाकडे होतं?" सासूबाई लगेच म्हणाल्या, "माझ्याकडंच की. मी भाजी निवडते, ही मांडीवर." भाजी आणि नात, एकाच खणात दोन्ही कामं लिहिली गेली. त्या बरोबर नसत्या तर त्यांची अख्खी सकाळ कागदावर आलीच नसती. म्हणून आजी-आजोबा, मावशी, शेजारची काकू, जे कुणी मुलाला खरंच बघतं त्याला बरोबर न्या.

नवऱ्याची पाळी एमआयडीसीत, त्यामुळे त्यांच्या नावापुढे रात्रीचा एकच खण भरला. मोबाईल किती दाखवता, मुलाला मारता का, हेही विचारतात. समोरच्याला बरं वाटावं म्हणून कमी-जास्त करावंसं वाटतं, पण करू नका. पाळणाघर असो की अंगणवाडीची वेळ, अशा माहितीवरून कुणीतरी पुढे काही ठरवणार असेल, तर आपल्यासारख्या घरांचा दिवस त्यांच्यापुढे जसाच्या तसा जायला हवा.

खाऊचा डबा घरून न्या. मिसळ मोठ्यांसाठी ठीक, मुलाला तिखट सोसत नाही. परतीच्या गाडीआधी मुलाला पाजायचं असेल तर स्थानकावर हिरकणी कक्ष कुठे आहे ते चौकशी खिडकीवर विचारून घ्या.

वडिलांची प्रश्नावली वेगळी आहे आणि ती त्यांनी स्वतःच द्यायची, बायकोने सांगितलेलं चालत नाही. साप्ताहिक सुट्टीचा वार आधी कळवला तर तशी वेळ देतात. आम्ही पुढच्या फेरीसाठी तो कळवून आलोय.