ओळंब्याच्या सावलीवरून आखलेल्या सफा

रत्नागिरीजवळच्या एका खाडीकाठच्या गावात नव्या मशिदीच्या फरशीचे काम माझ्याकडे होते. जमातीतील बरीच मंडळी आखातात नोकरीला असल्यामुळे प्रत्येकाच्या मनात अबू धाबीची शेख झायेद मशीद होती: शिंपल्याची जडावकामे केलेले संगमरवरी खांब, १० मीटर व्यासाचे झुंबर आणि ५,६२७ चौरस मीटरचा इराणी गालिचा. त्या गालिच्यातील मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट छायाचित्रात दिसत नाही. नमाजींना रांग धरता यावी, पण नक्षीत खंड पडू नये, म्हणून विणकरांनी लव कातरून सफांच्या, म्हणजे नमाजाच्या रांगांच्या, बारीक, किंचित उंच रेषा त्यात ठेवल्या आहेत.

आमच्याकडे सफांसाठी पांढऱ्या संगमरवरात काळ्या ग्रॅनाइटच्या पट्ट्या बसवायच्या होत्या. दालन मात्र रस्त्याला समांतर, थेट पश्चिमेकडे तोंड करून बांधून झाले होते. रत्नागिरीहून किबला, म्हणजे नमाजात तोंड करायची मक्केतील काबागृहाची दिशा, पश्चिमेपासून सुमारे १३ अंश उत्तरेला आहे. १५ मीटर रुंदीच्या दालनात एवढ्या कोनाने पट्टीच्या दोन टोकांत साडेतीन मीटरांचा फरक पडतो. नकाशा काढणाऱ्याने हे तपासू नये, याचा मला आजही राग येतो. होकायंत्राचा उपयोग नव्हता, कारण खांबांतील सळ्यांमुळे काटा जागोजागी वेगळी दिशा दाखवत होता.

२८ मे रोजी आपल्या घड्याळाप्रमाणे दुपारी २ वाजून ४८ मिनिटांनी सूर्य काबागृहाच्या बरोबर माथ्यावर येतो, आणि त्या क्षणी ओळंब्याच्या दोरीची सावली किबल्याच्या नेमक्या उलट पडते. त्या दिवशी सकाळपासून वळवाचे ढग होते. आम्ही अंगणात जड ओळंबा टांगून, वारा अडवायला ताडपत्री धरून उभे होतो. वेळेवर ऊन पडले, सावलीवर दोन खुणा केल्या आणि ती रेषा दोरीने दालनात नेऊन तीन-चार-पाच मापांच्या बाजूंचा त्रिकोण आखून तिच्यावर पट्ट्यांसाठी काटकोन काढला.

एवढ्या फरकाने नमाजात बाधा येत नाही, असे मौलानांनी सांगितले, आणि ते मला मान्यच होते. तरीही कित्येक पिढ्या ज्या पट्टीवर उभ्या राहणार, ती ठाऊक असलेल्या चुकीच्या दिशेने बसवणे कारागिराला शोभत नाही, असे मी आग्रहाने मांडले, आणि जमातीने ते मानले.

खरी परीक्षा भिंतीलगत होती. पट्ट्या तिरप्या गेल्यामुळे कडेचा प्रत्येक तुकडा वेगळ्या मापाचा तिकोनी निघत होता आणि अरुंद टोके कटरखाली तुटत होती. राजस्थानातील मकराण्याच्या कारागिरांनी भिंतीला समांतर काळी किनार घेतली आणि अगदी निमुळते तुकडे शेजारच्या लादीतच सामावून एकसंध कापले. ते सांधे आज बोटालाही जाणवत नाहीत. असे काम मी फार थोड्या ठिकाणी पाहिले आहे.

येणारे लोक मात्र फरशी तिरकी का, असे विचारतात. तिरकी भिंत आहे, हे पटवून द्यावे लागते. मेहराब, म्हणजे किबल्याची दिशा दाखवणारी भिंतीतली कमान, अजून त्याच भिंतीत, थेट पश्चिमेला आहे. ती फिरवायची तर जांभ्याचे बांधकाम फोडावे लागेल, आणि माझ्या मते ते फोडायलाच हवे. जमातीचा निर्णय व्हायचा आहे.