मरोळची नोकरी, डोंबिवलीचं घर आणि न उमटणारा अंगठा

घर शोधायला मला नऊ दिवस लागले आणि सापडलेल्या घरात राहायला जायला सतरा. भाडेकराराच्या नोंदणीत घरमालकांचा अंगठा मशीनवर लागेना, म्हणून ते सतरा दिवस मी बदलापूरच्या मावशीकडून मरोळला ये-जा केली. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून आधी तेच लिहिणार होते. पण डोंबिवलीच का, हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मी सांगलीची. ऑफिस मरोळ नाक्याजवळ, वेळ साडेनऊ. आई महिन्यातले पंधरा दिवस माझ्याकडे राहणार होती, त्यामुळे पीजी नको होता, आणि अंधेरी पूर्वेला वन बीएचके माझ्या पगारात बसत नव्हता. मरोळ वर्सोवा-घाटकोपर मेट्रोवर आहे. म्हणजे पश्चिम रेल्वेने आलात तर अंधेरीला बदला, मध्य रेल्वेने आलात तर घाटकोपरला. माझी मावशी बदलापूरला, म्हणून मी मध्य रेल्वे धरली.

जो भेटेल तो अंतर सांगायचा. सीएसएमटीपासून ठाणे ३४ किलोमीटर, डोंबिवली ४८, बदलापूर ६८. त्या आकड्यांवरून घर निवडू नका. कळवा डोंबिवलीपेक्षा कितीतरी जवळ आहे, भाडंही परवडत होतं, म्हणून मी सकाळी आठला कळव्याच्या प्लॅटफॉर्मवर मुद्दाम जाऊन उभी राहिले. लेडीज डब्याच्या दारापर्यंत बायका खच्चून भरलेल्या. पहिली गाडी सोडली, दुसरी सोडली, तिसरीही सोडली. चौथीला आतल्या एका बाईने "चढ, चढ, हात दे" म्हणून हात पुढे केला, पण माझा पाय उचलला नाही. ९ जून २०२५ ला दिवा-मुंब्र्याच्या मध्ये लोकलमधून माणसं पडून गेली, ती बातमी आईने पाहिली होती आणि "दारात उभी राहणार नाहीस" असं माझ्याकडून वदवून घेतलं होतं. कळवा तिथेच संपला. दिवा, मुंब्रा मग बघितलेच नाहीत.

तेव्हा ठरवलं, गाडी जिथून सुटते तिथेच राहायचं. ठाण्याहून गाड्या सुटतात, पण स्टेशनजवळची भाडी माझ्या आवाक्याबाहेरची. कल्याण, अंबरनाथ, बदलापूरहूनही सुटतात, पण लांब. डोंबिवलीहून डोंबिवली लोकल सुटते. ती धीमी असली तरी घाटकोपरपर्यंत पन्नास मिनिटांच्या आसपास, आणि वेळेआधी दहा मिनिटं गेलं की बसायला मिळतं. जलद गाडी कल्याणहून भरून येते, ती दहाएक मिनिटं वाचवते आणि अंगातलं सगळं त्राण घेते. मी धीमी निवडली आणि त्याचा मला आजपर्यंत पश्चात्ताप झालेला नाही.

डोंबिवलीतही डोंबिवली कुठली, हे महत्त्वाचं. जाहिरातीत डोंबिवली पूर्व लिहिलेलं असतं आणि घर निघतं कल्याण-शीळ रस्त्यावर. संकुल सुंदर, लिफ्ट चकचकीत, पण सकाळी स्टेशन गाठायला जितका वेळ लागतो तितक्यात गाडी ठाण्याला पोचते. आणखी एक चूक मी पहिल्या आठवड्यात केली: घरं रविवारी पाहिली. रविवारी रस्ता मोकळा, शेअर रिक्षा लगेच सुटते, एजंट म्हणतो "स्टेशन पाच मिनिटं", आणि खरंच पाच मिनिटंच लागतात. तेच अंतर मंगळवारी सकाळी पावणेआठला परत केलं तेव्हा रिक्षाच्या रांगेतच अठरा मिनिटं गेली. तेव्हापासून मी चालत मोजायला लागले. फोनवर वेळ लावायचा आणि घराच्या दारापासून प्लॅटफॉर्मपर्यंत चालायचं, पुलाच्या पायऱ्यांसकट. पश्चिमेला जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर मला जे घर मिळालं ते अकरा मिनिटांवर आहे. लिफ्ट नाही. भाडं १७ हजार, डिपॉझिट ६० हजार, एजंटची दलाली एका महिन्याचं भाडं. पाहताक्षणी टोकन दिलं.

आता अंगठा.

आपल्याकडे भाडेकरार म्हणजे 'लिव्ह अँड लायसन्स'. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ प्रमाणे तो लेखी असावा लागतो आणि नोंदवावा लागतो, अकरा महिन्यांचा असला तरी. "अकरा महिन्यांच्याला नोंदणी लागत नाही" असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. नोंदवून घेण्याची जबाबदारी कायद्याने घरमालकाची आहे, पण नोंदणी नसेल तर सोसायटीच्या दारात अडतो तो भाडेकरू. माझ्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, नोंदणी झालेल्या कराराची प्रत आल्याशिवाय सामान वर चढणार नाही. त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

नोंदणी ऑनलाइन होते. एजंट लॅपटॉप, कॅमेरा आणि अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येतो. मालक, भाडेकरू आणि साक्षीदार यांचे फोटो आणि आधारशी जुळणारे अंगठे घेतले की झालं. वीस मिनिटांचं काम. माझा अंगठा पहिल्या झटक्यात लागला, दोन्ही साक्षीदारांचे लागले. मालक काकांचा लागेना.

काका पंच्याहत्तरीचे. आयुष्य छापखान्यात गेलेलं. एजंटने त्यांचा अंगठा उजवा घेतला, डावा घेतला, मग तर्जनी, मग मधलं बोट. दर वेळी मशीनचा लाल दिवा लागायचा आणि स्क्रीनवर इंग्रजीत एक ओळ यायची, शेवटी तीन आकडे. एजंट ती ओळ वाचायच्या आत बंद करायचा. "काका, तुमच्या रेषा गेल्यात. खोबरेल तेल लावा रात्री, परवा येतो." काका ओशाळले. आपल्या बोटांमुळे या पोरीचं काम अडलं, असं ते काकूंना दोनदा म्हणाले.

परवाचे चार दिवस झाले. दुसऱ्या खेपेला काकूंनी गरम पाण्याचं पातेलं आणून ठेवलं होतं. काकांनी हात बुडवले, पुसले, पुन्हा बुडवले. पुन्हा लाल दिवा. आता एजंट म्हणाला, आधार अपडेट करून आणा, बोटं नव्याने द्या. ऑफिसला अर्धा दिवस रजा टाकून मी काकांना रिक्षाने आधार केंद्रात घेऊन गेले. टोकन, दोन तास रांग, पुन्हा बोटं, पुन्हा फोटो. केंद्रातल्या मुलीने बोटं नीट उमटली म्हणून सांगितलं. मी तिथेच विचारायला हवं होतं, की बोटं इतकी नीट उमटतात तर तिकडे अडतं कुठे? नाही सुचलं. तिसऱ्या खेपेला एजंट म्हणाला, सर्व्हर डाऊन आहे.

या दिवसांत माझी सकाळ बदलापूरला सव्वापाचला सुरू व्हायची. मावशी डबा भरून ठेवायची, मी साडेसहाच्या आत स्टेशनात. लेडीज डब्यात चढल्या चढल्या बायका एकमेकींना विचारतात, "कुठे उतरणार?" ज्या आधीच्या स्टेशनला उतरणार त्यांची जागा कोण घेणार हे तिथेच ठरतं. मी नवी, मला पहिले चार दिवस कोणी जागा सांगितली नाही. पाचव्या दिवशी खिडकीतल्या ताईंनी आपण होऊन सांगितलं, "मी मुलुंडला उतरते, तू बस." मुलुंड ते घाटकोपर जेमतेम पंधरा-वीस मिनिटं, पण त्या बसण्याने दिवस बरा जायचा. मग घाटकोपरचा पूल, मेट्रोची रांग, तपासणी. मेट्रोत मरोळपर्यंत चारच स्टेशनं, दहा मिनिटंही लागत नाहीत, पण सकाळी रांगेतच कधी पंधरा जातात. ती पंधरा मिनिटं हिशेबात धरा, मोबाइलवरचा नकाशा ती धरत नाही. संध्याकाळी मावशीच्या घरी पोचायला साडेनऊ. दोन्ही बाजूंचे मिळून साडेचार तास प्रवासात. जी माणसं हे वर्षानुवर्षं करतात त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. मला ते जमलं नसतं.

तिसऱ्या खेपेनंतर मला शंका आली. चौथ्या खेपेला लाल दिवा लागल्या लागल्या मी "थांबा" म्हणाले आणि एजंटने ती ओळ बंद करायच्या आत स्क्रीनचा फोटो काढला. शेवटचे आकडे ३३० होते. दुसऱ्या दिवशी गाडीत तो फोटो बघत उभी होते. मुलुंडच्या ताई बँकेत काम करतात हे मला माहीत नव्हतं. त्यांनी मान वाकडी करून फोटो पाहिला आणि म्हणाल्या, "अगं, हे लॉक आहे. आमच्याकडे खाती उघडताना येतं. बोटांचा काही दोष नाही. बोटं जुळली नाहीत तर ३०० येतो. ३३० म्हणजे त्यांनी बायोमेट्रिक, म्हणजे आधारवरचे बोटांचे ठसे वगैरे, लॉक करून ठेवलंय."

मुलुंड यायच्या आत मी काकूंना फोन लावला. काकू म्हणाल्या आम्ही काही केलं नाही, मुलाला विचार. मुलगा पुण्यात. आधारचा अंगठा वापरून लोकांच्या खात्यातून पैसे काढतात, असं त्याने वाचलं होतं आणि दीड वर्षापूर्वी आईवडिलांचं दोघांचंही बायोमेट्रिक अॅपवरून लॉक केलं होतं. आधारला मोबाइल नंबरही त्याचाच जोडलेला. तो बिचारा विसरूनही गेला होता. "ताई, सॉरी, मला कोणी विचारलंच नाही हो." खरंच, कोणी विचारलं नव्हतं. आम्ही काकांच्या बोटांना तेल लावत बसलो.

शनिवारी सकाळी पाचवी बैठक. मुलगा पुण्याहून फोनवर, त्याने ओटीपी टाकून काही मिनिटांपुरतं लॉक उघडलं, आणि काकांचा उजवा अंगठा पहिल्या खेपेत लागला. हिरवा दिवा. काकांनी स्वतःच्या अंगठ्याकडे बघितलं आणि काकूंना म्हणाले, "बघ, रेषा आहेत माझ्या." मला रडू आलं.

एजंटवरचा माझा राग त्याच्या अज्ञानाबद्दल नाही. हा कोड माहीत नसणं मी समजू शकते. पण समोर लिहून आलेली ओळ वाचायची नाही आणि म्हाताऱ्या माणसाच्या बोटांना दोष द्यायचा, हे मला पटत नाही. तुमच्याकडे अंगठा अडला तर स्क्रीन आपल्याकडे वळवायला सांगा आणि आकडे लिहून घ्या. सत्तरीच्या पुढचे मालक असतील तर टोकन देतानाच तीन गोष्टी विचारा: आधारला मोबाइल कोणाचा आहे, तो माणूस त्या दिवशी फोन उचलेल का, आणि बायोमेट्रिक लॉक आहे का.

पुढचं सगळं सुरळीत झालं. कराराची प्रत आली, पोलिसांकडे माहिती गेली, सेक्रेटरींनी त्याच संध्याकाळी सामान वर घेऊ दिलं.

पैशांचं मधेच राहिलं. महापालिकेच्या हद्दीत करारनोंदणीची फी १ हजार रुपये. मुद्रांक शुल्क पाव टक्का: सगळ्या महिन्यांचं भाडं, अधिक डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज, या बेरजेवर. माझ्या करारात भाड्याचे १ लाख ८७ हजार आणि व्याजाचे साडेपाच हजार, म्हणजे शुल्क पाचशेच्या आतबाहेर. एजंट त्यावर आपली फी लावतो, ती घासाघीस करून ठरवा आणि "काम पूर्ण झाल्यावर" असं आधी बोलून ठेवा. मी आधीच सगळी दिली होती, म्हणून चार वेळा लाल दिवा लागूनही त्याला घाई नव्हती.

आणि पास. घर हातात येईपर्यंत तीन महिन्यांचा काढू नका, महिन्याचाच काढा. मी बदलापूर-घाटकोपर तिमाही काढून बसले होते. डोंबिवली त्याच मार्गावर असल्याने तो वाया गेला नाही, पण जास्तीचे पैसे गेलेच.

आता आठच्या सुमाराची डोंबिवली लोकल, बहुतेक दिवस बसायला मिळतं. घरापासून ऑफिसच्या खुर्चीपर्यंत एक तास पस्तीस मिनिटं, पावसाळ्यात दोन तास धरते. मुलुंडच्या ताई आधीच्या जलद गाडीत असतात, भेट होत नाही. दिवाळीला मी त्यांना चकल्यांचा डबा द्यायला मुद्दाम एक दिवस ती गाडी पकडली, दारापासून आत सरकेपर्यंत कोपर स्टेशन गेलं.

अकरा महिने आता संपत आलेत. काकांनी भाडं वाढवणार नाही म्हटलंय. पुण्याच्या दादांना मी आत्ताच मेसेज करून ठेवलाय की अंगठ्याची तारीख ठरली की कळवते, त्या दिवशी फोन जवळ ठेवा.