गोळ्या सुरू केल्या, पुढे कोण बघणार?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जांबोटी, कणकुंबीकडे बीपीच्या पेशंटला दर महिन्याला डॉक्टर गाठायचा म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते. बरं वाटायला लागलं की गोळ्या सुटतात, आणि बीपी गुपचूप परत चढतं. ही तूट भरायला २०१८ पासून उपकेंद्रांना आरोग्य केंद्राचं रूप देऊन तिथं सीएचओ, म्हणजे सामुदायिक आरोग्य अधिकारी, नेमले जाऊ लागले. बहुतेक जण नर्सिंग शिकलेले, वर सामुदायिक आरोग्याचं प्रशिक्षण घेतलेले.

निदान आणि उपचाराची सुरुवात पीएचसीच्या, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या, डॉक्टरांनी करायची. पुढची दरमहा तपासणी आणि गोळ्या उपकेंद्रात. घोडं अडतं ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. नुसतं ‘अॅम्लोडिपिन ५ मिग्रॅ’ असं बीपीच्या गोळीचं नाव लिहून भागत नाही. बीपी कितीपर्यंत आणायचं, डॉक्टरांनी पुन्हा कधी बघायचं आणि कितीच्या वर गेलं तर परत पाठवायचं, हे त्यावर हवंच. नसेल तर उपकेंद्रातली सिस्टर जबाबदारी घेणार कशी? ती सगळ्यांनाच पीएचसीला पाठवते, आणि तिथली रांग होती तेवढीच राहते. १८०/११० किंवा त्याहून जास्त असेल, छातीत दुखत असेल किंवा दम लागत असेल, तर मात्र त्याच दिवशी पाठवायचं.

मोजणीतही चुका होतात. पेशंट चालत आला की पाच मिनिटं पाठ टेकवून बसवा, हात हृदयाच्या पातळीवर ठेवा, दोनदा मोजा. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की बीपी खोटंच जास्त दिसतं.

औषधसाठ्याचा हिशेब पेशंटवरून करा. ६० जणांना रोज एक गोळी म्हणजे महिन्याला १८००. हाताशी दोन महिन्यांच्या, ३६०० हव्यात. दोनदा रिकाम्या हातानं परत गेलेला माणूस तिसऱ्यांदा येत नाही, आणि आशाताईंनी कितीही समजावलं तरी त्याचा विश्वास लवकर बसत नाही.

आपल्या भागात भाषेचाही प्रश्न आहे. सिस्टर कन्नड बोलणारी आणि आजी फक्त मराठी, असं झालं की ‘सकाळी अर्धी’ची ‘सकाळ-संध्याकाळ’ व्हायला वेळ लागत नाही. पाकिटावर सूर्य किंवा चंद्र काढा, आणि गोळी कधी घ्यायची ते आजींकडूनच वदवून घ्या.

निपाणीकडे तंबाखू घराघरात आहे, म्हणून तिथं बीपीसोबत तोंडही बघायलाच हवं. टॉर्च लावून पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, नीट न उघडणारं तोंड शोधा. यातलं काहीही दिसलं तर थांबू नका, लगेच डॉक्टरांकडे पाठवा आणि पेशंट तिथं पोचला का, याची नोंद सिस्टरच्या रजिस्टरमध्ये ठेवा.