एका उताऱ्यासाठी सहा खेपा

लेकीचं जात पडताळणीचं प्रकरण एकदाचं नासर्डी पुलाजवळच्या सामाजिक न्याय भवनात दाखल झालं. सेतू, प्रांत, ऑनलाइन फॉर्म हे लोक घाबरवतात तेवढं अवघड नाही. मी अडकलो ते अण्णांच्या हायस्कुलात.

ओबीसींना 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो. आमच्याकडे तेवढा जुना कागद एकच निघू शकत होता, माझ्या वडिलांचा, म्हणजे अण्णांचा, शाळेतला प्रवेश-निर्गम उतारा, म्हणजे नाव घातल्या-काढल्याच्या रजिस्टरातल्या नोंदीची नक्कल. शाळा नाशिकपासून एसटीने दोन तासांवर, एका तालुक्याच्या गावी. गावाचं नाव लिहीत नाही, शाळेचे कारकून भाऊसाहेब अजून तिथेच आहेत.

"साल सांगा."

"आठवीला होते, 1958-60 च्या आसपास."

"आसपास म्हणजे? रजिस्टर नंबर आणा."

नंबर माहीत असता तर मी अर्धा दिवस मोडून आलो असतो का! दुसऱ्या खेपेला भाऊसाहेब लासलगावला कांद्याचा ट्रॅक्टर घेऊन गेलेले. तिसऱ्यांदा दहावीचे पेपर चालू, गेटवरूनच परत. (फेब्रुवारी-मार्चमध्ये जाऊच नका. आणि निघण्याआधी फोन करा, हे शहाणपण मला उशिरा आलं.) चौथ्या खेपेला त्यांनी रजिस्टर चाळल्यासारखं केलं आणि म्हणाले, "तुमच्या आडनावाचा एकही पोरगा नाही. 'नोंद आढळत नाही' असं लेखी देऊ का?"

तो कागद घेऊ नका. मी मात्र इतका वैतागलो होतो की घेणारच होतो.

वाट सापडली ती अण्णांच्या वर्गमित्राच्या ओट्यावर. काकांनी पिशवीतून स्वतःचा जुना दाखला काढला. नंबर 412. म्हणाले, "आम्ही दोघांनी एकाच दिवशी नाव घातलं. तुझा आजा होता ना बरोबर."

पुढच्या खेपेला 412 सांगितल्यावर शिपाईमामांनी लोखंडी कपाटाच्या तळातून लाल कापडी पाठीचं रजिस्टर उपसलं. मी बोट फिरवत गेलो. 413, 414. 415 ला अण्णांचं नाव, पुढे आजोबांचं, आणि आडनावाच्या जागी 'माळी'. जातीच्या रकान्यात 'हिंदू माळी', जून 1959. जन्मतारखेला कसरीनं कुरतडलेलं, पण आकडा शाबूत.

"मग आधीच माळी म्हणून सांगायचं ना," भाऊसाहेब.

मी गप्प बसलो. उतारा अजून हातात यायचा होता.

तर जुन्या रजिस्टरात आडनावावर विसंबू नका, मुलाचं आणि बापाचं नाव बघा. आडनाव वेगळं निघालं तर दोन्ही नावांची व्यक्ती एकच, असं प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं. राहिलंच, त्या पाचव्या खेपेला मी माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून नेला होता. अनुदानित शाळेला तो कायदा लागू आहे, रेकॉर्ड स्वतः बघायलाही मागता येतं. अर्ज दिला नाही, नुसता टेबलावर दिसेल असा ठेवला. भाऊसाहेबांनी मामांना कपाटाकडे लगेच धाडलं, यात त्याचा वाटा असावा असा माझा संशय आहे.

सहाव्या खेपेला मुख्याध्यापकांची सही, गोल शिक्का, सगळं झालं. उतारा तिथेच उभं राहून वाचा. माझ्या उताऱ्यावर 415 चं 451 झालं होतं. भाऊसाहेबांनी न बोलता दुसरा लिहिला.